अटलांटा ते न्यू ऑर्लिन्स: चांगलं फ्राइड चिकन कसं शोधायचं

प्रश्न असा आहे: पुण्याचं एक जोडपं मार्चमध्ये मुलाकडे अटलांटाला येतंय. तिथून नॅशव्हिल, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स आणि परत अटलांटा, अशी आठ दिवसांची फेरी मुलाच्या गाडीने करायची आहे. दक्षिणेतलं खरं फ्राइड चिकन खायची इच्छा आहे. मागच्या खेपेला साडेचार तारे बघून दोन ठिकाणी गेले, दोन्हीकडे तेलकट, मऊ पडलेले तुकडे मिळाले. बाई शाकाहारी आहेत. तर चांगली ठिकाणं ओळखायची कशी, आणि त्यांच्या जेवणाचं काय?

गेली १९ वर्षं मी अटलांटात तळणीसमोर उभा आहे. आधी दुसऱ्यांच्या हॉटेलांत होतो, आता एका छोट्या किचनची जबाबदारी माझ्यावर आहे. हा माझ्या रोजच्या हाताखालचा विषय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी ताऱ्यांचं बोलू. ते खोटे असतात असं नाही. पण तारे हॉटेलला मिळतात, आणि तुम्ही खाता तो एक तुकडा. फ्राइड चिकन बिर्याणीसारखं नाही, की दम देऊन ठेवलं तर तासाभराने आणखी मुरेल. त्याची जात भज्यांची. कढईतून काढून पाच-सात मिनिटं जाळीवर निथळलं की ते सगळ्यात चांगलं असतं. त्यानंतर आतल्या मांसातली वाफ बाहेर यायला बघते आणि वाटेत कवच ओलं करते. वरून उष्णतेचा दिवा लावून ठेवला तर तुकडा गरम राहतो, कुरकुरीत राहत नाही. त्यामुळे एकाच हॉटेलात दुपारी साडेबाराला आणि साडेतीनला दोन वेगवेगळे पदार्थ मिळतात, आणि तारे दोघांना एकच असतात. मागच्या खेपेला तुम्ही बहुधा साडेतीनवाले होतात.

मी नवीन गावात गेलो की फोन करतो आणि एकच विचारतो: आत्ता आठ तुकडे सांगितले तर किती वेळ लागेल? जेवणाची गर्दी नसताना ‘लगेच या, तयार आहे’ असं उत्तर आलं, तर चिकन आधीच तळून ठेवलंय. ‘वीस-पंचवीस मिनिटं’ म्हणाले, की मी गाडी काढतो. हाडासकट लेग आणि थाय खोल तेलात साधारण १७० अंश सेल्सिअसला नीट शिजायला १४-१५ मिनिटं लागतातच. बिडाच्या तव्यात अर्ध्या तेलात, उलटसुलट करत तळायचं तर अर्धा तास धरा. मधल्या भागाचं तापमान ७४ अंशांवर गेलंच पाहिजे, आणि ज्योत वाढवून ते लवकर गाठता येत नाही. बाहेर करपतं आणि हाडापाशी कच्चं राहतं.

हा वेळेचा प्रश्न इतका जुना आहे की त्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला. केंटकीतल्या कॉर्बिन गावात हार्लंड सँडर्स पेट्रोल पंपावर प्रवाशांना जेवू घालत असत. तव्यावर चिकन व्हायला अर्धा तास, आणि प्रवाशाला पुढे जायची घाई. १९३९ मध्ये त्यांनी प्रेशर कुकर तळणीसाठी वापरायला घेतला आणि तो वेळ कितीतरी कमी केला. पुढे १९५२ मध्ये युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला पहिली फ्रँचायझी निघाली, ती केएफसी. दाबाखाली तळलेलं चिकन आतून रसरशीत होतं, ते वाईट नाही. पण त्याचं कवच उघड्या तेलातल्या कवचासारखं लागत नाही, आणि तुम्ही ज्यासाठी एवढा फेरा घालताय ते हे नव्हे. साखळी हॉटेलांबद्दल माझं यापुढे काही सांगणं नाही. ती तुम्हाला न शोधता सापडतील.

अभिप्राय वाचायचे, पण उलटे. तीन तारेवाले आधी वाचा. ‘चव चांगली, पण चाळीस मिनिटं बसवून ठेवलं’ ही तक्रार दिसली की ते ठिकाण वहीत लिहून ठेवा. ‘पटकन मिळालं, माणसं फार गोड’ यातून चिकनबद्दल काहीच कळत नाही. हॉटेलवाल्याने लावलेले फोटो सोडा, गिऱ्हाइकांनी मोबाइलवर काढलेले बघा. सगळे तुकडे एका मापाचे, एका रंगाचे दिसले तर माल कारखान्यातून पिठात घोळवून, गोठवून आलेला असायची शक्यता मोठी. हाताने पीठ लावलेल्या तुकड्याला कडेला झालरी येतात, कुठे जाड कुठे पातळ, रंगही सगळीकडे सारखा नसतो. मेनू लांबलचक असेल, म्हणजे बर्गर, पास्ता, कोळंबी, पिझ्झा आणि शिवाय चिकन, तर मी तिथे कॉफी पितो आणि पुढे जातो.

आता तेल. यावर मला जास्त बोलायचंय, कारण चिकन बिघडतं ते बहुतेक वेळा तेलामुळे, आणि गिऱ्हाईक दोष मसाल्याला देतं.

कोऱ्या तेलात पहिला घाणा फिका निघतो, हे आपल्याकडे दिवाळीत चकल्या तळणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यापासून रंग धरतो. तळणीतही तसंच: थोडं वापरलेलं तेल उत्तम. पण रोज गाळलं नाही, पिठाचा चुरा तळाशी जळत राहिला, की तेल काळं, दाट होतं, वर फेस धरतं, आणि त्याला रंगाच्या डब्यासारखा किंवा शिळ्या मासळीसारखा वास यायला लागतो. त्यात तळलेला तुकडा बाहेरून पाच मिनिटांत गडद होतो. तळणारा रंग बघून काढतो, आणि आत तो झालेला नसतो. अटलांटातल्या माझ्या पहिल्या नोकरीत असंच झालं. रविवारी चर्च सुटल्यावरची गर्दी, आणि तेल गुरुवारपासून बदललेलं नव्हतं. मी सांगितलं, व्यवस्थापक म्हणाला सोमवारी बघू. एका म्हाताऱ्या बाईंनी तुकडा अर्धा खाऊन परत पाठवला. बोलल्या काहीच नाहीत, फक्त हाताच्या रुमालाने ओठ पुसत राहिल्या. त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या शब्दावर तेल ठेवलेलं नाही.

तुम्हाला किचनमध्ये जाता येणार नाही, पण नाक आहे. गाडीतून उतरल्यावर भाजलेल्या शेंगदाण्यासारखा किंवा तुपकट वास आला तर आत जा. डोळ्यांत चुरचुरला तर नको. आत गेल्यावर कान द्या. तुकडे तेलात पडले की जोरात चर्र होतं, आणि आतलं पाणी उडत जाईल तसा आवाज बारीक होत जातो. अनुभवी तळणारा घड्याळापेक्षा त्या आवाजावर भरवसा ठेवतो. असा चढता-उतरता आवाज तुम्हाला बाहेर बसून ऐकू येत असेल, तर तिथे मागणीनुसार तळतायत.

पहिल्यांदा मागवताना ‘डार्क क्वार्टर’ मागवा, म्हणजे लेग आणि थाय जोडून. विंग्ज पातळ असतात, त्या कुणालाही जमतात. ब्रेस्ट कोरडी पडली तर दोष तळणाऱ्याचा की कोंबडीच्या आकाराचा ते कळत नाही. थाय मात्र सगळं सांगते. कवच मोडताना कातडीसकट मोडलं पाहिजे. चादर ओढावी तसं सबंध निघून आलं तर पीठ ओल्या मांसावर घाईने लावलंय. कातडीखालची चरबी वितळून गेलेली हवी. आणि हाडापाशी लालसर दिसलं म्हणून लगेच परत पाठवू नका: हल्लीच्या कोंबड्या कोवळ्या असतात, त्यांच्या हाडातला रंग, विशेषतः माल गोठवलेला असेल तर, मांसात उतरतो. रस स्वच्छ असेल आणि मांस हाडापासून सुटत असेल, तर ते शिजलेलं आहे. मांस रबरासारखं चिवट, चकचकीत दिसलं तर खुशाल परत द्या.

आता तुमची वाट.

अटलांटा ते नॅशव्हिल ४०० किलोमीटर. नॅशव्हिलचं ‘हॉट चिकन’ हा वेगळाच प्रकार: तळून काढलेल्या तुकड्याला गरम चरबीत कालवलेल्या लाल तिखटाचा लेप देतात, खाली पांढऱ्या ब्रेडचा तुकडा, वर काकडीचं लोणचं. प्रिन्सेस हॉट चिकन शॅक हे त्याचं मूळ घर. त्याचे मूळ मालक थॉर्नटन प्रिन्स बाहेरख्याली होते. एकदा रात्रभर बाहेर राहून आल्यावर त्यांच्या मैत्रिणीने सूड म्हणून चिकनवर वारेमाप तिखट ओतलं, आणि यांना ते आवडलं, अशी घराण्यातली गोष्ट आहे. वर्णभेदाच्या काळात त्यांच्या हॉटेलात गोरे गिऱ्हाईक मागच्या बाजूला बसत, हे त्या काळातल्या रीतीच्या अगदी उलट. १९८० पासून आंद्रे प्रिन्स जेफ्रीज यांनी ते सांभाळलं, आणि २०१३ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशन या खाद्यक्षेत्रातल्या संस्थेचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान त्याला मिळाला. शहराच्या पूर्व भागातलं बोल्टन्सही त्याच परंपरेतलं, आणि तिथे मासाही असा मिळतो.

इथे मराठी माणसाला एक कळकळीची सूचना. कोल्हापूरचे असाल, लवंगी मिरची दाताखाली चावत असाल, तरी पहिल्यांदा ‘मीडियम’च घ्या. आपलं तिखट रश्श्यात असतं, भाताने, ताकाने उतरतं. हे तिखट चरबीत मिसळलेलं, ते ओठांना आणि बोटांना चिकटून राहतं, आणि पाण्याने जात नाही. दूध प्या, ब्रेड खा, आणि हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. शिवाय फार तिखट घेतलं तर चिकन कसं तळलंय हे जिभेला कळतच नाही, आणि तुम्ही तर त्यासाठीच आलात.

नॅशव्हिल ते मेम्फिस साडेतीनशे किलोमीटरच्या आत. मेम्फिसच्या अलीकडे तासाभरावर महामार्ग सोडून मेसन नावाचं छोटं गाव लागतं. गसेस वर्ल्ड फेमस फ्राइड चिकनची मूळ जागा तिथली. आता गसेसच्या शाखा बऱ्याच राज्यांत आहेत आणि मेम्फिसमध्ये फ्रंट स्ट्रीटवरची शाखा सोयीची आहे, पण वेळ असेल तर मेसनला आधी फोन करून जा. पातळसर, तिखट पिठात बुडवून शेंगदाणा तेलात तळलेलं हे चिकन मला सगळ्या फेरीत आपल्या चवीच्या सर्वांत जवळचं वाटतं. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे आधीच लक्षात ठेवा. दक्षिणेत शेंगदाणा तेल पुष्कळ ठिकाणी वापरतात.

मेम्फिसहून न्यू ऑर्लिन्स ६३० किलोमीटर, बहुतेक वाट मिसिसिपी राज्यातून. या टप्प्यावर नामांकित हॉटेल शोधत बसू नका, पेट्रोल पंप बघा. मी हे पूर्ण गांभीर्याने सांगतोय. दक्षिणेत पंपावरच्या दुकानात काचेच्या कपाटात फ्राइड चिकन आणि बटाट्याच्या जाड फोडी ठेवलेल्या असतात, आणि शेतावरचे, रस्त्याच्या कामावरचे लोक दुपारी तिथेच जेवतात. कित्येक पंपांचे मालक गुजराती. हिंदीत विचारलंत तर ताजा घाणा कधी निघणार ते खरंखरं सांगतात. अकरा ते एक ही वेळ गाठा, कारण तेव्हा कपाट भरतं आणि रिकामं होतं. बाहेर कामाच्या ट्रकांची रांग दिसली तर थांबा. कपाटात चार तुकडे सुकत पडलेत आणि गल्ल्यावर कुणी नाही, तर फक्त पेट्रोल भरा.

न्यू ऑर्लिन्सला विली मेज हे हॉटेल. विली मे सीटन यांनी १९५७ मध्ये बार म्हणून सुरू केलं, नाव झालं ते चिकनमुळे. २००५ च्या मे महिन्यात त्यांना ‘अमेरिकाज क्लासिक्स’ मिळालं, आणि ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाच्या पुरात हॉटेल बुडालं. तेव्हा त्या ८९ वर्षांच्या होत्या. देशभरातून स्वयंसेवक आले, त्यांनी ते परत उभं केलं, आणि २००७ मध्ये दार पुन्हा उघडलं. पुढे पणती केरी सीटन स्ट्युअर्ट यांनी सूत्रं हाती घेतली. २०२३ मध्ये जुन्या वास्तूला आग लागली, त्यामुळे निघण्याआधी सध्या कुठल्या पत्त्यावर वाढतायत ते नक्की बघून घ्या. त्यांचं पीठ कोरडं नसतं, पातळ भिजवलेलं असतं. त्यामुळे कवच काचेसारखं तडकतं, आणि आतला रस बराचसा आतच राहतो. मी माझ्या किचनमध्ये हे करायला खूप झटलो. तेल एक-दोन अंशांनी उतरलं तरी ते पीठ तेल पिऊन बसतं. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं ते एकसारखं येतं, याला मी मनापासून हात जोडतो.

त्याच शहरात डुकी चेस, १९४१ पासून. लिया चेस यांनी आयुष्यभर ते स्वयंपाकघर सांभाळलं, आणि नागरी हक्कांच्या लढ्यातले काळे-गोरे कार्यकर्ते कायदा मोडून त्यांच्या हॉटेलात एकत्र बसून जेवत आणि पुढचे बेत आखत. तिथे आरक्षण करून जा.

अटलांटात मुलाच्या घराजवळ राहून करण्यासारखं म्हणजे बिझी बी कॅफे. १९४७ मध्ये लुसी जॅक्सन यांनी सुरू केलं. मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवत असत. तिथे रांग असते, आणि रांगेत उभं राहावं असं ते आहे. विमानाचा शीण उतरला की पहिल्या दिवशी इथेच जा. पुढच्या सगळ्या ठिकाणांना ताडून बघायला एक माप मिळेल.

ही नावं बघितलीत तर लक्षात येईल की जवळजवळ सगळी काळ्या कुटुंबांची आहेत. यादवी युद्धानंतर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनवर काळ्या बायका डोक्यावर ताटं घेऊन गाडीच्या खिडकीशी चिकन विकत, कारण तेव्हा आगगाडीला जेवणाची बोगी नसे. त्या कमाईवर त्यांनी घरं बांधली. या पदार्थाचं कसब अशा हातांतून आलंय. मी स्वतः ते ज्यांच्याकडून शिकलो त्याही अशाच एक बाई होत्या. वजनकाटा त्यांनी कधी वापरला नाही. मिठाचं माप तळहातावर होतं.

आता तुमच्या पत्नीचं, आणि हे नीट वाचा, कारण इथे चांगली माणसंही नकळत फसवतात. दक्षिणेत ‘व्हेजिटेबल प्लेट’ म्हणजे शाकाहारी ताट नव्हे. हिरव्या शेंगा, कोलार्डची पालेभाजी, चवळी, पिंटो बीन्स हे सगळं बहुधा डुकराच्या खारवलेल्या हाडासोबत किंवा स्मोक्ड टर्कीसोबत तासन् तास शिजवलेलं असतं. मांसाचा तुकडा ताटात दिसत नाही, म्हणून वाढणारी मुलगी खुशाल ‘यात मटण नाही’ म्हणेल. ‘हॅम, बेकन किंवा टर्की घालून शिजवलंय का?’ असं नावं घेऊन विचारा. मक्याच्या ब्रेडमध्ये कधी बेकनची चरबी असते. फ्राइज आणि तळलेली भेंडी बहुतेक ठिकाणी चिकनच्याच तेलात उतरते. रताळ्यावर पांढरे मऊ मार्शमेलो असतील तर त्यात जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणजे कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर), साधा भात, कुस्करलेला बटाटा ग्रेव्हीशिवाय, आणि बऱ्याच ठिकाणी मॅकरोनी-चीज. खरं सांगू का, त्यांचं जेवण वेगळ्या ठिकाणी आधी करून घ्या आणि चिकनच्या जागी त्यांना गोड पदार्थ आणि लिंबाचं सरबत मिळू दे. दोघांची चिडचिड वाचेल. आणि तुमच्यापैकी कुणी डुक्कर खात नसेल, तर चिकनसाठीही ‘लार्ड’ म्हणजे डुकराच्या चरबीत तळता का, हे विचारायचं. कुणी रागावत नाही.

यातली बरीच हॉटेलं रविवारी किंवा सोमवारी बंद असतात, काही फक्त दुपारची चालतात. त्यामुळे दिवस आधी हॉटेलांचे ठरवा आणि मुक्काम त्यावर बसवा.

न्यू ऑर्लिन्स ते अटलांटा हा शेवटचा टप्पा साडेसातशे किलोमीटरचा आहे. आदल्या रात्री आठ तुकडे जास्त घ्या. डबा गाडीत बंद ठेवू नका. झाकण उघडं, खाली कागद. खोलीवर पोचलात की लगेच फ्रिजमध्ये, आणि सकाळी बर्फाच्या पेटीत. मायक्रोवेव्ह अजिबात नको, गारच खा. वर्णभेदाच्या दिवसांत रस्त्यावरची हॉटेलं काळ्या प्रवाशांना आत घेत नसत, म्हणून ती कुटुंबं बुटांच्या खोक्यात असंच गार चिकन, उकडलेली अंडी आणि केक बांधून प्रवासाला निघत. मीठ आत मुरलेलं आणि नीट तळलेलं चिकन दुसऱ्या दिवशी गारही उत्तम लागतं. वाटेत माँटगोमेरी शहराच्या आसपास झाडाखाली बाक बघून गाडी थांबवा. थायपासून सुरुवात करा.